भावोजींचा हसरा फोटो, ५२ केबी

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.

ताईचा फोन. वाचनालयाच्या कमिटीने नव्या वाचनकक्षाला भावोजींचं नाव द्यायचं नक्की केलं. अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते, आणि कक्षही त्यांच्याच पाठपुराव्याने झाला. बघायला मात्र राहिले नाहीत. कार्यक्रम २३ तारखेला, रविवारी. भिंतीवर त्यांचा तीन फूट बाय दोन फूट फोटो लागणार.

ताईला हसरा फोटोच हवा. भावोजी कॅमेऱ्यासमोर आयुष्यात एकदाच हसले. ग्रंथपालाला हसणं परवडत नाही, वाचक बोलायला लागतात, असं म्हणायचे. त्या दिवशी ताईने नवा कॅमेरा उलटा धरला आणि पहिला फोटो स्वतःच्या नाकाचा काढला. ते बघून भावोजी जे हसले, तो दुसरा फोटो. बाकी सगळे ओळखपत्राचे, दाढ दुखत असल्यासारखे.

हा हसरा फोटो फक्त माझ्या कॉम्प्युटरवर आहे. घराण्यातले फोटो मी सांभाळतो. तीन वर्षांपूर्वी ताईच्या कॅमेऱ्याचं कार्ड मीच रिकामं करून दिलं होतं.

ताईला म्हटलं, काळजी सोड. ती म्हणाली, तुझ्याकडे आहे म्हणूनच सोडलीय.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.४०

वाचनालयाच्या सेक्रेटरींचा ईमेल. निमंत्रणपत्रिकेवर टाकायला फोटो पाठवा, साइझ २०० केबीच्या आत.

आपला फोटो तीन एमबीच्या वर. लोक अशा वेळी भाच्याला फोन करतात. मी रिसाइझ उघडलं. रुंदी ३२६४ होती, ६४० केली. क्वालिटीची पट्टी ६० वर आणली. फाईल ५२ केबी. सांगितले दोनशे, मी बावन्नात बसवला. याला म्हणतात हातखंडा.

सेव्ह करताना कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाची फाईल आधीच आहे, बदलू का? हे प्रश्न घाबरट लोकांसाठी असतात. यस. एका माणसाच्या एकाच फोटोच्या दोन फाईली म्हणजे पसारा, आणि मला पसारा खपत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

सेक्रेटरींचं उत्तर : फोटो सुरेख, आभारी आहे. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एक फोटो पाठवलात, उपग्रह नाही सोडलात.

शनिवारी भिंतीसाठी मोठा करून टाकतो. अर्ध्या तासाचं काम.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.

फाईल उघडली. रुंदी ६४०. क्षणभर चमकलो, मग आठवलं की आपणच केली. ज्या खिडकीत ३२६४ चं ६४० होतं, त्याच खिडकीत ६४० चं ५४०० पण होतं. आकडा तर टाकायचा. टाकला. झाला. सेव्ह.

थोडा मऊ वाटतोय. बायको मागून म्हणाली, भावोजी धुक्यातून येतायत का? मी म्हटलं, याला सॉफ्ट फोकस म्हणतात. मोठमोठे फोटोग्राफर यासाठी भिंगावर मलमल बांधतात. ती म्हणाली, मग आता मलमल सोडा.

दुपारी शार्पनेस वाढवू.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.

दिवसभर काम. माझी कामाची पद्धत इथे नोंदवून ठेवतो, पुढेमागे कुणाला शिकवता येईल.

एक दुरुस्ती करायची. सेव्ह करायचं. फाईल बंद करायची. पुन्हा उघडून सेव्ह झालंय की नाही ते डोळ्यांनी बघायचं. मगच पुढची दुरुस्ती. ऑफिसात एकदा वीज गेली आणि माझा चौदा पानी तिमाही अहवाल गेला, तेव्हापासून हे व्रत आहे. आमच्या सेक्शनमध्ये माझी एक ओळ हरवलेली नाही.

आज शार्पनेस, उजेड, पुन्हा शार्पनेस, गालावरची सावली, थोडा कमी उजेड. एकूण सदतीस वेळा सेव्ह, बंद, उघड, तपास. प्रत्येक वेळी वहीत टिक केली. सदतीस टिका.

पाच वाजता गालावर बारीक चौकोन दिसायला लागले. स्क्रीन ओल्या फडक्याने पुसली. चौकोन आहेत तिथेच. स्क्रीन जुनी झालीय.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी २.

जेवणाच्या सुट्टीत प्रिंटवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन गेलो. त्याने फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला आणि खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, साहेब, हा माणूस आहे की फरशी?

मी म्हटलं, जरा अदबीने. ते माझे मेहुणे, आणि हयात नाहीत. तो ओशाळला, कान धरले. मग म्हणाला, माफ करा, पण याचा ओरिजिनल आणा. मी म्हटलं, हाच ओरिजिनल. तो म्हणाला, साहेब, कॅमेऱ्यातून निघालेला आणा, हा तुमच्या हातून निघालेला आहे.

उद्धट माणूस. पण गावात एवढं मोठं मशीन त्याच्याकडेच.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.

ओरिजिनल शोधला. रिसायकल बिन रिकामं. ते मी दर शुक्रवारी न चुकता रिकामं करतो, शिवाय बदललेली फाईल तिथे जातच नाही असं कळलं. दुसरं फोल्डर नाही. सीडी नाही. कार्ड मीच पुसलं होतं, आणि ताईला बजावलं होतं की माझ्याकडे आहे ना, तुला कशाला दोन दोन ठिकाणी.

नाकाचा फोटो सापडला. तो कुणालाच नको होता म्हणून त्याला हात लावला नव्हता. मूळ आकारात, शाबूत. नाकावरची लव मोजता येते. तीन फूट बाय दोन फूट आरामात होईल.

पोळीभाजी गेली नाही, शिकरणावर भागवलं. बायकोला सांगितलं, पित्त.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

ऑफिसात कॉम्प्युटर विभागात एकजण आहे, त्याला सगळे गिगा म्हणतात. त्याला चहाला नेलं. म्हटलं, माझ्या एका मित्राचा प्रॉब्लेम आहे.

गिगा म्हणाला, फोटो छोटा करायला हरकत नाही, पण कॉपीवर करायचा. मूळ फाईल देवासारखी, तिला हात जोडायचे, हात लावायचा नाही. छोटा केलेला परत मोठा केला की कॉम्प्युटर मधलं सगळं मनाने भरतो. त्याला काय माहीत नाक कसं होतं? आणि फोटोच्या फाईलचा हा जेपेग प्रकार म्हणजे बॅग भरणं. दर वेळी सेव्ह करताना तो ठरवतो की हे सामान कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि बाहेर टाकतो. उघडून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा थोडं सामान बाहेर. म्हणून काम चालू असताना पीएनजी प्रकारात ठेवायचं, तो काही टाकत नाही. जेपेग अगदी शेवटी, एकदाच.

मग विचारलं, तुमच्या मित्राने किती वेळा उघडून सेव्ह केलं?

म्हटलं, दोन-तीनदा.

तो म्हणाला, मग वाचेल. तीस-चाळीस वेळा करणारा नग भेटला तर मला दाखवा, सेल्फी काढतो.

चहा मी पाजला. मित्राचं नाव विचारत होता, सांगितलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ८.

ताईचा फोन. झाला का रे फोटो? मी म्हटलं, कलर करेक्शन चालू आहे. ती म्हणाली, म्हणजे काय? मी म्हटलं, तांत्रिक आहे. ती म्हणाली, बरं बाबा, पण शर्टाचं वरचं बटण उघडं आहे, ते झाकू नकोस. मी रोज लावायला सांगायचे आणि ते रोज विसरायचे. त्या दिवशी म्हटलं, राहू दे.

मी म्हटलं, नाही झाकणार.

फोन ठेवून फोटो उघडला. बटण शोधलं. गळ्याखाली एक करडा चौकोन आहे, त्याला लागून दुसरा थोडा फिकट. दोनपैकी एक बटण असावं.

ठराव : शनिवारपर्यंत फाईल परत मिळवणे. न मिळाल्यास रविवारी ताईला सगळं खरं सांगणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.

पुसलेल्या फाईली परत आणणारं सॉफ्टवेअर लावलं. सकाळी नऊ ते दुपारी चार. ११,४१२ फाईली परत आल्या. बंद पडलेल्या योजनांची परिपत्रकं आली. शेजाऱ्यांच्या मुलाची वेळापत्रकं आली. साहेबांवर चिडून लिहिलेला आणि कधीच न दिलेला माझा राजीनामा आला. भावोजी आले नाहीत.

राजीनामा बायकोने वाचला. म्हणाली, मसुदा चांगला आहे, दिला असतात तर फोटो काढायला शिकायला वेळ मिळाला असता.

तिला खरं सांगावंसं वाटलं. तेवढ्यात कुकर झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.

ताईकडे जाऊन आलो. सांगायचंच म्हणून गेलो. वाटेत वाक्यही तयार केलं : ताई, तंत्रज्ञानाच्या काही मर्यादा असतात.

दार उघडल्याउघडल्या म्हणाली, बरं झालं आलास, त्या दिवशी कुठली साडी नेसू? दोन पलंगावर काढून ठेवल्या होत्या. मग म्हणाली, फोटोखाली उभं राहून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी म्हटलंय, मी बोलणार नाही, नुसती बघणार. इतक्या दिवसांनी एवढे मोठे दिसतील.

मी निळी सांगितली. मग तिच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. मग दाराची कडी घट्ट केली. मग माळ्यावरचा डबा, तिने मागितला नव्हता तरी, खाली काढला. ती म्हणाली, काय रे, आज एवढा कामाचा कसा झालास? ताप नाही ना?

तंत्रज्ञानाच्या मर्यादा राहूनच गेल्या. नळ आधी थेंब थेंब गळत होता, आता धार लागलीय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.३०

नवी कल्पना. ओळखपत्राचा फोटो कमिटीकडे स्कॅन केलेला आहे, चांगला स्पष्ट. तो मागवला. त्यातले ओठ जरासे हसरे करायचे. ताईला डोळे पुसता पुसता काय कळणार आहे!

(हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. खोडत नाही. असू दे माझ्या नावावर.)

ओठांचे कोपरे वर ओढले. ओठ हसतात, डोळ्यांत दाढ तशीच दुखतेय. भावोजी आता नाव बदलून गावात आलेल्या माणसासारखे दिसतात. गाल फुगवून बघितले. बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं, चहा ठेवला, आणि काहीही न बोलता गेली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

फाईल डिलीट केली. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला अकरा तारखेपासून माहीत आहे. पित्तावर कुणी दोन वाट्या शिकरण खात नाही. मला नका सांगू, ताईंना सांगा.

ताईला फोन लावला. तोंडातून निघालं, काम अंतिम टप्प्यात आहे.

ताई नुसतं हं म्हणाली. एरवी दहा मिनिटं बोलते. विश्वास आहे म्हणून, दुसरं काय. तोच तर छळतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.

पोस्टाने निमंत्रणपत्रिका आली. कोपऱ्यात, मोठ्या तिकिटाएवढे, भावोजी. हसतायत! डोळे बारीक, वरचं बटण उघडं, चौकोन एकही नाही.

मी विमनस्क बसलो होतो. बायको म्हणाली, हा मग कुठून आला?

कुठून आला! सेक्रेटरींकडे ५ तारखेला पाठवलेला! सदतीस टिकांच्या आधीचा!

माझ्याकडचे पाठवलेले ईमेल मी दर शुक्रवारी बिनाबरोबरच पुसतो. चपला घालून धावलो, दोन्ही डाव्या निघाल्या, तरी धावलो. सेक्रेटरींनी ईमेल उघडला. आहे. ६४० रुंद, ५२ केबी. त्यांना म्हटलं, तुम्ही हा डिलीट केला नाहीत, तुमचे उपकार आहेत. ते म्हणाले, मला डिलीट करता येत नाही हो, नातू करतो, तो परीक्षेत आहे.

पेनड्राइव्हवर तीन कॉप्या केल्या, तीन नावांनी. एकही उघडली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी २.३०

प्रिंटवाल्याने बघितलं. म्हणाला, हां, हा माणूस आहे. मी म्हटलं, मग तीन बाय दोन. तो म्हणाला, तळहाताएवढा होईल.

मी खूप वेळ घासाघीस केली. फूटभर तरी? अर्धा फूट? तो म्हणाला, साहेब, हा काय भाजीचा भाव आहे? यात आहे तेवढंच आहे. मोठा केला की चेहरा जाईल, मग मिठी मारा चौकोनांना.

फ्रेम तीन फुटांची बनून बसलीय, भिंतीवर खिळाही ठोकलाय. शेवटी त्यानेच सुचवलं : मोठ्या फ्रेममध्ये पांढरा पुठ्ठा, बरोबर मधोमध तळहाताएवढा फोटो. ज्याला बघायचंय तो जवळ जाईल.

निघताना म्हणाला, बाईंना सांगितलंत का?

मी म्हटलं, कुठल्या बाईंना? तो मशीनकडे वळला आणि कागद सरळ करायला लागला. कागद सरळच होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५.

सांगितलं.

सुरुवात रिझोल्यूशनपासून केली. पिक्सेल म्हणजे काय, कंप्रेशन का करावं लागतं, कमिटीने २०० केबीची अट घालणं किती अशास्त्रीय होतं. ताई मटार सोलत होती. बॅग भरण्याच्या दृष्टांतापर्यंत आलो तेव्हा म्हणाली, फोटो घालवलास असं म्हण ना.

मी म्हटलं, हो. घालवला.

ती म्हणाली, मंगळवारी त्या प्रिंटवाल्याकडे गेले होते. फ्रेमला काळी पट्टी लावू नका, हसऱ्या माणसाला शोभत नाही, एवढंच सांगायचं होतं. त्याने त्याच्या कॉम्प्युटरवर राहिलेली फरशी दाखवली. मंगळवारपासून बघतेय, तू कधी सांगतोस ते.

म्हणजे अंतिम टप्पा ऐकला तेव्हा तिला माहीत होतं. कलर करेक्शनपासूनचा सगळा हिशोब तिने मागे जाऊन लावला असणार.

मी म्हटलं, ताई, मुद्दाम नाही केलं. ती म्हणाली, ते मला माहीत आहे. मुद्दाम करायला अक्कल लागते. चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, फोटो गेला त्याचं मी बघेन. पण रविवारी तू इथे नळ दुरुस्त करत होतास, आणि मी तुला साडी विचारत होते. तेव्हा तरी बोलायचंस.

मी सोलायला मटार घेतले. तिने ताट जवळ ओढून घेतलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्री ९.

कार्यक्रम झाला.

पडदा बाजूला झाला. मोठी फ्रेम, पांढरंशुभ्र मैदान, मधोमध तळहाताएवढे भावोजी. सभागृहात कुजबुज. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, नुसती फ्रेमच लावलीय का? माझी मान खाली. मग लोक एकेक करून उठले, जवळ गेले, वाकले. वाकलेला प्रत्येक माणूस परत येताना थोडा हसत होता. एक जुने वाचक म्हणाले, अठ्ठावीस वर्षं हे आम्हाला गप्प बसवायचे, आणि हसत होते होय!

ताई सगळ्यांत शेवटी गेली. निळी साडी. चष्मा काढून, नाक काचेला लागेल इतकी जवळ. बराच वेळ. मी दाराशी उभा होतो, जवळ जायची हिंमत झाली नाही.

हे सगळं नियोजनपूर्वक केलंय असा सेक्रेटरींचा समज झाला. भाषणात म्हणाले, या अभिनव कल्पनेमागे ग्रंथपालांच्या मेहुण्यांचे अथक तांत्रिक परिश्रम आहेत. टाळ्या. मला उभं केलं, हातात पुष्पगुच्छ दिला. आणि म्हणाले, आपल्या वाचनालयाच्या संग्रहात चार हजार जुने फोटो आहेत, ते सगळे कॉम्प्युटरवर चढवण्याची जबाबदारी यांनीच घ्यावी अशी मी जाहीर विनंती करतो.

नाही म्हणायचं, हे तोंडात तयार होतं. देवाशप्पथ होतं. पण माइक समोर आला, टाळ्या चालू होत्या, आणि मला ऐकू आलं की मी म्हणतोय, तसं काही फार अवघड नाही, अर्ध्या तासाचं...

पहिल्या रांगेतून ताई उठली. दोन शब्दही बोलणार नाही म्हणालेली ताई. माइक नव्हता तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. म्हणाली, त्याला देऊ नका.

मग सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, भाऊ दमलाय हे बहिणीलाच कळतं! पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात. मी पुष्पगुच्छासकट खाली बसलो.

बाहेर पायऱ्यांवर ताई भेटली. मी पुष्पगुच्छ तिच्यापुढे केला. घेतला नाही. म्हणाली, राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही. जेवायला मात्र चल, दोघंही या.

गेलो. भाजीत मीठ फार पडलं होतं. बायकोने एका घासानंतर पाणी प्यायलं आणि माझ्याकडे बघितलं. मी भाजी दोनदा मागून घेतली.